रंगांध खेळाडू आणि ग्राहकांसाठी डिझाइन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान गेम, ॲप आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे डिझायनर, प्रोग्रॅमर, सर्किट आखणारे आणि टेस्टिंग करणारे. पुढे प्रश्न बरेच आहेत, पण बहुतेक उत्तरं एकाच आग्रहातून आली आहेत : जी गोष्ट कळल्याशिवाय माणसाचं अडतं, ती फक्त रंगातून सांगू नका. रंग जरूर वापरा, पण जोडीला आकार, जागा, फिकट-गडदपणा किंवा अक्षर असू द्या.

रंगांध माणसाला सगळं काळं-पांढरं दिसतं का?

नाही. तसं दिसणारी माणसं फार थोडी, साधारण तीस हजारांत एक. बाकीच्यांना रंग दिसतात, पण काही रंगांच्या जोड्या एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. डोळ्याच्या पडद्यावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांचा सर्वाधिक प्रतिसाद साधारण ५६०, ५३० आणि ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला मिळतो; सोयीसाठी त्यांना लाल, हिरवी आणि निळी पेशी म्हणतात. यातली एखादी नसली किंवा तिचा प्रतिसाद शेजारणीच्या फार जवळ सरकला, की रंगांची गल्लत सुरू होते.

डिझाइनच्या कामापुरते तीन गट लक्षात ठेवा. मधल्या, म्हणजे हिरव्या पेशीचा दोष असणारे सर्वांत जास्त. लांब तरंगाच्या, म्हणजे लाल पेशीचा दोष असणारे त्याखालोखाल. या दुसऱ्या गटाला लाल रंग नुसता वेगळा दिसत नाही, तो काळपट दिसतो. हा फरक अनेक डिझायनरांच्या लक्षात येत नाही आणि पुढे चार्जरच्या दिव्यापाशी तो फार महाग पडतो. निळ्या पेशीचा दोष असणारे विरळा.

खरंच एवढी माणसं रंगांध असतात का? की दोन-चार जणांसाठी हा खटाटोप आहे?

युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांत सुमारे अर्धा टक्का आहे. आशियाई लोकांत ते कमी आढळतं. आपण चारच टक्के धरू. दहा पुरुष एकमेकांविरुद्ध ऑनलाइन सामना खेळत असतील, तर त्यांत निदान एक रंगांध असण्याची शक्यता जवळपास एक तृतीयांश भरते. रोज हजारो सामने चालणाऱ्या गेमला ही संख्या दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

पुरुषच जास्त का, हेही नेहमी विचारलं जातं. लाल आणि हिरव्या पेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे त्यातला दोष झाकायला दुसरं गुणसूत्र नसतं. आजोबांचा दोष आईमार्फत नातवात उतरतो; आईला स्वतःला बहुधा काहीच जाणवत नाही. म्हणून घराघरांत मामा-भाचे सारखीच गल्लत करताना दिसतात. अनेकांना तर शाळेच्या किंवा नोकरीच्या तपासणीत ठिपक्यांतला आकडा वाचता येईना तेव्हाच पहिल्यांदा कळतं. ती ठिपक्यांची पानं जपानचे डॉ. शिनोबु इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केली आणि आजही तीच वापरात आहेत.

गेममध्ये नेमकं कुठे अडतं?

अडचण बहुधा चित्र सुंदर दिसण्यात नसते, निर्णय घेण्यात असते. मिनीमॅपवरचा, म्हणजे कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावरचा ठिपका मित्राचा की शत्रूचा? हेल्थ बार, म्हणजे उरलेली ताकद दाखवणारी पट्टी, हिरवी आहे की लाल झाली? जमिनीवरचं वर्तुळ बरं करणारं आहे की भाजणारं? या प्रश्नांना अर्ध्या सेकंदात उत्तर द्यावं लागतं. रंग दिसला नाही तर खेळाडू अंदाज बांधतो आणि हरतो. आपलं कौशल्य कमी पडलं असं त्याला वाटत राहतं. हे मला फार अन्यायाचं वाटतं, कारण दोष खेळाडूचा नसतो, आपल्या रचनेचा असतो.

एक उदाहरण जवळून पाहू. अमंग अस या, खेळाडूंत लपलेला घातपाती शोधायच्या गेममध्ये वायर जोडण्याचं एक काम असतं. डावीकडे चार टोकं, उजवीकडे चार टोकं, रंग जुळवून वायर ओढायची. सुरुवातीला तिथे रंगाशिवाय दुसरी कसलीच खूण नव्हती. रंगांध खेळाडू तिथे अडकायचा, आणि या गेममध्ये कामापाशी रेंगाळणाऱ्यावर बाकीचे संशय घेतात. म्हणजे दिसण्यातली अडचण सरळ आरोपात बदलायची. २०२० साली प्रत्येक टोकापाशी एकेक चिन्ह आलं. चार छोटी चित्रं, बस. रंग तेच राहिले, खेळाची गंमतही तीच राहिली.

रंग जुळवून फोडायच्या गेमचा विचार करा. कँडी क्रशमध्ये प्रत्येक गोळीचा आकारही वेगळा आहे, त्यामुळे रंग न कळणाऱ्यालाही खेळता येतं. ज्या गेममध्ये सगळेच चेंडू गोल आणि एकाच मापाचे असतात, तिथे त्याच खेळाडूचे हात बांधले जातात.

क्रिकेटचा गेम बनवतोय. लाल चेंडू आणि हिरवं मैदान तर बदलता येणार नाही!

बदलू नका, पण चेंडू इतर खुणांनी दाखवा. मैदानातसुद्धा हा प्रश्न खरा आहे. ऑस्ट्रेलियाचे ख्रिस रॉजर्स आणि मॅथ्यू वेड हे दोघेही रंगांध. गुलाबी चेंडू नीट दिसत नाही, हे वेड यांनी उघडपणे सांगितलं होतं. प्रत्यक्ष खेळाडूला चेंडूची उसळी, गोलंदाजाचं मनगट आणि कैक वर्षांचा सराव मदतीला येतो. मोबाइलच्या पडद्यावर मात्र चेंडू म्हणजे चार-सहा पिक्सेलचा ठिपका.

त्याला खाली ठसठशीत सावली द्या. कडेला पातळ फिकट रेघ द्या, मागे हलकी शेपूट सोडा. टप्पा पडण्याची जागा रंगीत ठिपक्याऐवजी कडी किंवा फुलीने दाखवा. लाल काळपट दिसणाऱ्या खेळाडूसाठी चेंडू गवतापेक्षा उजळ ठेवायचा पर्याय सेटिंगमध्ये असावा. आणि दोन्ही संघांचे कपडे निवडताना एक लाल, एक हिरवा अशी जोडी समोरासमोर येऊ देऊ नका. अमेरिकेत १२ नोव्हेंबर २०१५ रोजी बफेलो बिल्स नखशिखांत लाल आणि न्यूयॉर्क जेट्स नखशिखांत हिरव्या कपड्यांत अमेरिकन फुटबॉल खेळले, तेव्हा कोण कुठल्या संघाचा हेच कळत नाही अशा तक्रारींचा पाऊस पडला होता.

लुडो आणि कॅरमसारख्या खेळांत काय करावं?

लुडोत घराच्या जागा ठरलेल्या असतात, म्हणून घरातून निघताना सोंगटी कोणाची हे कळतं. ती पटाच्या मध्यावर पोचली, शेजारी दुसऱ्याची येऊन बसली, की गोंधळ. सोंगटीच्या डोक्यावर चांदणी, चौकोन, त्रिकोण, बदाम अशी खूण द्या आणि ज्याची पाळी आहे त्याच्या सोंगट्या हलत्या ठेवा. कॅरममध्ये काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा त्रास नाही, पण गडद लाल राणी काहींना काळीच वाटू शकते. राणीवर उठावदार नक्षी किंवा फिकट कडी असली की काम भागतं.

छापील खेळांतही हे झालेलं आहे. पोर्तुगालच्या मिगेल नेवा यांनी रंगांसाठी छोट्या चिन्हांची कलर-ॲड ही लिपी तयार केली आणि मॅटेल या खेळणी कंपनीने २०१७ साली ऊनो या रंग जुळवायच्या खेळाचे पत्ते ती चिन्हं घालून काढले.

सेटिंगमध्ये ‘रंगांध मोड’ टाकला की झालं ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

बहुतेक ठिकाणी या मोडचा अर्थ असतो पूर्ण पडद्यावर चढवलेला फिल्टर. तीन पर्याय, तीन अवघड वैद्यकीय नावं, आणि निवडलं की आकाश, गवत, माणसांचे चेहरे, सगळंच विचित्र रंगाचं. ज्या दोन गोष्टींत फरक हवा होता त्यांत कधी पडतो, कधी नाही. उलट आधी नीट दिसणारी तिसरीच जोडी एकमेकींत मिसळते. शिवाय दोष प्रत्येकाचा कमी-जास्त असतो. एकाच मात्रेचा फिल्टर सगळ्यांना बसत नाही. फोर्टनाइट या गेमने तीव्रता कमी-जास्त करण्याची सोय दिली ती याच कारणाने.

फिल्टरपेक्षा चांगला मार्ग म्हणजे महत्त्वाच्या घटकांचे रंग खेळाडूला निवडू देणं : शत्रूची बाह्यरेषा, मित्राचं नाव, क्रॉसहेअर (नेम धरायची खूण), धोक्याचं वर्तुळ. ओव्हरवॉच या गेमने हा मार्ग धरला. खेळाडूला आपल्या डोळ्यांना काय जमतं हे बरोबर ठाऊक असतं, वैद्यकीय नाव ठाऊक असेलच असं नाही. म्हणून यादीत निदानाची नावं नकोत. समोर नमुना दाखवा, रंग निवडू द्या, लगेच परिणाम दाखवा.

आणि याहूनही चांगलं काय? मोडची गरजच पडू नये. आकार आणि चिन्हं सगळ्यांसाठी पहिल्यापासून असली, तर उन्हात फोन धरून खेळणाऱ्यालाही फायदा, स्क्रीन पिवळट झालेल्या जुन्या फोनवाल्यालाही फायदा.

कोणते रंग घ्यावेत? एखादा तयार संच आहे का?

आहे. जपानच्या मासाताका ओकाबे आणि केइ इतो यांनी मांडलेला आठ रंगांचा संच बऱ्याच वर्षांपासून वापरात आहे. काळा सोडून बाकीचे सात खाली दिले आहेत; त्यांत लाल, हिरवा आणि निळा किती, ते याच क्रमाने ० ते २५५ च्या आकड्यांत :

नारिंगी २३०, १५९, ०
आकाशी ८६, १८०, २३३
निळसर हिरवा ०, १५८, ११५
पिवळा २४०, २२८, ६६
निळा ०, ११४, १७८
शेंदरी २१३, ९४, ०
जांभळट गुलाबी २०४, १२१, १६७

दोनच रंग हवे असतील तर निळा आणि नारिंगी ही जोडी घ्या. वर्डल या शब्द ओळखायच्या गेमने हिरव्या-पिवळ्याच्या जागी पर्याय दिला तोही निळ्या-नारिंगीचाच. मात्र आठही रंग एकदम पडद्यावर उधळू नका. छोट्या ठिपक्यांत आणि बारीक रेषांत तयार संचसुद्धा दगा देतो, कारण रंगाचं क्षेत्र जितकं लहान तितका तो ओळखायला कठीण.

म्हणजे लाल-हिरवा कायमचा सोडायचा?

सोडायची गरज नाही. गडद लाल आणि फिकट, निळसर छटेचा हिरवा घेतला तर उजळपणातच पुरेसा फरक पडतो. नडतात त्या एकाच उजळपणाच्या जोड्या : लाल आणि तपकिरी, पोपटी आणि पिवळा, निळा आणि जांभळा, गुलाबी आणि राखाडी. यांतल्या निळ्या-जांभळ्याकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. जांभळ्यातला लाल ज्याला जाणवत नाही, त्याला उरतो तो निळाच.

आमच्या उपकरणावर एकच दिवा आहे. चार्जिंग सुरू असताना लाल, झालं की हिरवा. यात काय अडचण?

पुष्कळ आहे, आणि बाजारातल्या असंख्य वस्तूंत ती तशीच चालू आहे. तीन पायांची दुरंगी एलईडी घेऊन पाहा. एक पाय समाईक, आत लाल आणि हिरवा असे दोन कण, दोन्ही पेटवले की पिवळसर नारिंगी. एका भोकात तीन स्थिती मिळाल्या म्हणून सर्किट आखणारा खूश असतो. आता तरंगलांबी बघा. लाल साधारण ६३०, नारिंगी ५९०, आणि स्वस्तातल्या जुन्या प्रकारचा हिरवा ५७० नॅनोमीटरच्या आसपास. साधारण ५५० च्या वर निळी शंकुपेशी जवळपास गप्प असते. लाल किंवा हिरव्या पेशींपैकी एक नसेल, तर या सगळ्या पट्ट्यात काम करणारी एकच पेशी उरते. एका पेशीला रंग कळत नाही, फक्त उजेड कमी की जास्त एवढंच कळतं. त्यामुळे तुमच्या तिन्ही स्थिती त्या ग्राहकाला एकच पिवळट दिवा दिसतात. लाल पेशीच नसलेल्याला तर लाल दिवा इतका मंद भासतो की उजेडाच्या खोलीत तो बंदच वाटावा.

उपाय सोपे आहेत. दोन स्वतंत्र दिवे, दोन जागी, शेजारी छापलेली खूण. बॅटरीसाठी चार दिव्यांची पट्टी, जितकी भरली तितके पेटलेले. एकच भोक शक्य असेल तर फर्मवेअरमध्ये, म्हणजे उपकरणाच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, लय बदला : चार्जिंग सुरू असताना संथ उजळणारा-मंदावणारा, पूर्ण झाल्यावर स्थिर, बिघाड असेल तर भरभर लुकलुकणारा. भरभर म्हणजे सेकंदाला तीनपेक्षा जास्त नको, कारण वेगाने चमकणाऱ्या प्रकाशाने काहींना अपस्माराचा झटका येऊ शकतो. हे करायला एकही सुटा भाग वाढत नाही.

दुरंगीच हवी असेल, तर हिरवा कण ५२० ते ५२५ नॅनोमीटरचा घ्या. रहदारीच्या सिग्नलमधला हिरवा निळसर असतो तो याच विचाराने. तो बऱ्याच रंगांध लोकांना पांढरट दिसतो, म्हणजे लालपासून वेगळा पडतो. हिरव्याऐवजी निळा किंवा पांढरा वापरला तर आणखी बरं.

आणि लाल आकड्यांचा डिस्प्ले असेल तर काच फार गडद करू नका; लाल काळपट दिसणाऱ्याला आकडे वाचताच येत नाहीत. वजनकाटा, घड्याळ, स्टॅबिलायझर, सगळीकडे हीच कुरबुर ऐकू येते.

वायर आणि रेझिस्टरचं काय?

जुन्या घरगुती वायरिंगमध्ये फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. लाल-काळी आणि लाल-हिरवी, दोन्ही जोड्या कोणाला ना कोणाला धोक्याच्या, आणि इथे चूक झाली तर जिवाशी गाठ. हिरव्यावर पिवळा पट्टा असलेली अर्थची वायर म्हणूनच मोलाची. पट्टा कोणालाही दिसतो. उत्पादनाच्या आत कनेक्टर उलटा बसणारच नाही असा घ्या आणि पीसीबीवर, म्हणजे सर्किटच्या पट्टीवर, अक्षरं छापा. रेझिस्टर, म्हणजे वीजप्रवाहाला रोध करणारा छोटा भाग, आपला रोध रंगीत पट्ट्यांनी सांगतो, आणि त्यात तपकिरी, लाल, नारिंगी, हिरवा असे पट्टे शेजारी-शेजारी असतात. किट विकत असाल तर प्रत्येक पाकिटावर रोध आकड्यांत लिहा. मीटर लावून तपासायला सांगणं हे उत्तर नाही, तो ग्राहकावर लादलेला जादा वेळ आहे.

भारतात असं रंगावरून आकारावर गेल्याचं उदाहरण आहे का?

रोज हातात येणारं आहे. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर शाकाहारीसाठी हिरवा ठिपका आणि मांसाहारीसाठी तपकिरी ठिपका होता. दोन्ही चौकोनात, दोन्ही गोल. हिरवा आणि तपकिरी ही तर रंगांधांना सर्वांत फसवणारी जोडी. २०२० च्या लेबलिंग नियमांत अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मांसाहारीची खूण बदलून चौकोनात तपकिरी त्रिकोण केली. तुमच्या ॲपमध्ये पदार्थांची यादी असेल आणि अजून दोन्हीकडे गोल ठिपकेच असतील, तर आजच बदला. कोणाच्या धर्माचा आणि व्रताचा प्रश्न तिथे असतो.

आलेख, नकाशे आणि शेअरच्या किमती कशा दाखवाव्यात?

भाव वाढला की वर बाण आणि अधिक चिन्ह, घटला की खाली बाण आणि उणे चिन्ह. आलेखात रेषेच्या टोकालाच तिचं नाव लिहा. कोपऱ्यातल्या रंगीत चौकटींशी डोळ्यांना ताळा करायला लावू नका. रेषांना तुटक, ठिपक्यांची, सलग असे प्रकार द्या. तापमानासारख्या नकाशात इंद्रधनुषी पट्टी टाळून फिकटाकडून गडदाकडे जाणारी एकच पट्टी घ्या. मेट्रोच्या नकाशावर मार्गाला क्रमांक हवाच. मुंबईत ‘मेट्रो ७’ म्हटलं की कोणालाही कळतं. तोच क्रमांक नकाशावर रेषेच्या अंगावर छापलेला असावा.

तपासायचं कसं?

पहिली पायरी फुकटची : स्क्रीनशॉट राखाडी करा. ज्या दोन गोष्टी एकसारख्या झाल्या त्यांना आकार किंवा अक्षर द्या. पण ही चाळणी अपुरी आहे, कारण लाल पेशीच्या दोषात लाल आणखी गडद होतो, तो या राखाडी चित्रात दिसत नाही.

मग सिम्युलेटर लावा. कलर ओरॅकल हे साधन फुकट असून विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांत रेंडरिंग विभागात दृष्टिदोष दाखवण्याची सोय आहे. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांतही ती आहे, फोटोशॉपमध्येही आहे.

यानंतर खऱ्या माणसांकडे जा. सिम्युलेटर तुम्हाला रंग दाखवतो, खेळाडूला ओळखायला लागणारा वेळ आणि तासाभराने येणारा थकवा दाखवत नाही. टेस्टिंगला बसलेल्या रंगांध माणसाला ‘हा कोणता रंग सांग बरं’ असं विचारू नका. आयुष्यभर प्रत्येक नातेवाइकाने त्याला तेच विचारलेलं असतं. त्याला काम द्या : या पातळीतले सगळे शत्रू टिपा, पाच सेकंदांत सांगा बॅटरी भरली का. कुठे थबकतो ते शांतपणे टिपून घ्या.

फोनमध्येच रंगदुरुस्तीची सोय असते, चश्मेही मिळतात. मग आम्ही कशाला?

फोनची सोय अख्ख्या पडद्याला लागते आणि तिच्या मर्यादा वर सांगितलेल्या फिल्टरच्याच. चश्म्यांबद्दल स्पष्ट सांगतो : ते काही तरंगलांबी अडवून काही रंगांतला फरक वाढवतात, पण नसलेली पेशी देत नाहीत. स्पेनच्या ग्रानादा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली असा एक चश्मा तपासला, तेव्हा रंगदृष्टी सर्वसामान्य झाल्याचं आढळलं नाही. महागडा चश्मा घेऊन या, मग आमचा गेम खेळा, असं कोणाला सांगणार?

यासाठी कायदा किंवा मानक आहे का?

वेबच्या सुगम्यता मार्गदर्शिकेत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, नियम १.४.१ सांगतो की माहिती देण्यासाठी केवळ रंगावर विसंबू नये. हा सर्वांत प्राथमिक पातळीचा नियम आहे. मजकुराला ४.५ : १ आणि चिन्हांना, बटणांच्या कडांना ३ : १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे मागच्या रंगाशी उजळपणाचं गुणोत्तर, हवा. भारतात आयएस १७८०२ हे माहिती-तंत्रज्ञान उत्पादनांच्या सुगम्यतेचं मानक आहे. युरोपात माल पाठवत असाल तर तिथला सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू आहे. फोन, संगणक, तिकीट यंत्रं त्यात येतात. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत रंगांधत्वाचा वेगळा उल्लेख नाही, आणि ही उणीव मला खटकते.

रंगांध माणूस डिझाइनच्या टीममध्ये चालेल का?

हो, आवर्जून घ्या. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिकवणाऱ्या संस्थेने फिल्म एडिटिंगच्या अभ्यासक्रमाला एका उमेदवाराला रंगांध म्हणून नाकारलं होतं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला प्रवेश द्यायला सांगितलं आणि रंगांध विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमांत सामावून घ्यावं, असं म्हटलं. रंगांचे आकडे, स्कोप (रंग मोजून दाखवणारे आलेख) आणि सहकारी हाताशी असताना एडिटर काम करू शकतो, तर तुमच्या टीममधला माणूसही करू शकतो. शिवाय तुमची गल्लत पहिल्या आठवड्यातच पकडली जाईल.

ही सेटिंग कुठे ठेवायची?

गेम पहिल्यांदा उघडताच, ट्यूटोरियलच्या आधी. ट्यूटोरियलमध्येच ‘लाल बटण दाबा’ असं असतं. त्यापेक्षा ‘डावीकडचं गोल बटण दाबा’ लिहा. मदत केंद्रातल्या माणसांनाही हेच शिकवा. फोनवर ‘हिरवा दिवा लागलाय का’ विचारण्याऐवजी ‘वरचा दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय’ विचारायचं.

रंगांध खेळाडूची तक्रार आली. त्याला काय विचारू?

‘कोणत्या दोन गोष्टी सारख्या दिसतात?’ हा पहिला प्रश्न. स्क्रीनशॉट मागवला तर त्यावर त्याला बोटाने गोल करून पाठवायला सांगा, कारण नुसतं चित्र तुम्हाला व्यवस्थितच दिसणार आहे. फोनचं मॉडेल, ब्राइटनेस, रात्रीचा पिवळा मोड आणि रंगदुरुस्ती चालू होती का, हेही विचारा. दोषाचं वैद्यकीय नाव आणि डॉक्टरचा कागद मागू नका. बदल करून झाला की नवी आवृत्ती सगळ्यांच्या आधी त्याच्याकडे पाठवा.